चार टकटक आणि खरवईची हळद

नाशिकहून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढंच फिरून आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये, असं माझ्या बायकोचं, मेधाचं, स्पष्ट मत आहे. "लोक हिमालयात जाऊन येतात आणि गप्प बसतात," ती म्हणाली. पण हिमालयात जाऊन आलेल्यांपैकी किती जणांनी तिथे व्याह्यांच्या मांडवात उभं राहून ड्रम वाजवलेत? मी वाजवलेत. तेव्हा लिहिणारच.

आधी माझी ओळख करून द्यायला हवी. पोटासाठी मी सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि बाकी सगळ्यासाठी ड्रमर. आमचा चार मित्रांचा रॉक बँड आहे. गेली कित्येक वर्षं आम्ही दर रविवारी एका मित्राच्या गॅरेजमध्ये इंग्रजी गाणी वाजवतो. आमचे श्रोते म्हणजे आमच्या बायका, आणि त्याही आता येत नाहीत.

मला एकच मुलगी, सई. तिला सायकल शिकवताना मी मागून सीट धरून पळायचो आणि ती काही केल्या पॅडल मारायची नाही. शेवटी एक दिवस मी हँडलवर बोटांनी चार वेळा टकटक केलं. गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रमर काठीवर काठी आपटून चार मोजतो ना, तसं. चौथ्या टकटकीनंतर मी हात सोडला आणि पोरगी सुसाट गेली. तेव्हापासून तिला प्रत्येक अवघड गोष्टीआधी चार टकटक लागायला लागल्या. तलावातली पहिली उडी, दवाखान्यातलं इंजेक्शन, दहावीचा निकाल, सगळं माझ्या चारवर चाललं. कॉलेजात गेल्यावर मात्र तिला या प्रकाराची लाज वाटू लागली आणि माझी बोटं रिकामी झाली.

या सईचं लग्न ठरलं ते बदलापूरजवळच्या खरवईच्या कुणालशी. दोघं ठाण्याला एकाच कंपनीत आहेत. कुणालचं घर आगरी, मोठं आणि हौशी. त्याच्या बाळारामकाकांची स्वतःची बेंजो पार्टी आहे, म्हणजे हळदीला आणि वरातीला वाजवणारं बेंजो, ढोल आणि ताशांचं पथक. साखरपुड्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की मुलीचे वडील ड्रम वाजवतात.

"नाशिकचं पावनं, म्हंजे वाजवनारच!" बाळारामकाका म्हणाले. "मंग आमच्या हलदीला तुमीच वाजवा."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं होतं. घरी आल्यावर सईने मला समोर बसवलं.

"बाबा, वाजव. पण सोलो नको. प्लीज. माझं नवं घर आहे ते."

सोलो म्हणजे बाकीचे वादक थांबतात आणि ड्रमर एकटाच त्याला येतं तेवढं सगळं वाजवून दाखवतो. माझ्या मते तो गाण्याचा कळस असतो. मेधाच्या मते ती चहा ठेवायची वेळ असते. मी सईला वचन दिलं, पण वचन देतानासुद्धा माझ्या मांडीवर बोटं चालू होती, हे तिने पाहिलं.

उल्हासनगर, कॅम्प एक

लग्नाच्या आधी काही खरेदी उरली होती, म्हणून आम्ही तिघं आधी उल्हासनगरला उतरलो. कॅम्प एक या भागातल्या एका कपड्यांच्या दुकानात शिरलो. आमच्याकडे नाशिकला दुकानात गेलं की आधी लग्न कुणाचं, मुलगा कुठला, तुमचं मूळ गाव कोणतं, अशी चौकशी होते आणि मग कापड निघतं. इथे शिरल्या शिरल्या हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास आला. पापड संपेपर्यंत काही बोलायचं नाही, अशी पद्धत असावी. मी तीन पापड गप्प बसून खाल्ले, तेव्हा मेधाने मला कोपर मारलं.

दुकानाचे मालक सुंदरभाई. गोल, हसरे, आणि मराठी, हिंदी, सिंधी एकाच श्वासात बोलणारे. त्यांनी माझ्या अंगावर एक मोरपंखी शेरवानी चढवली. शेरवानी छान होती. मी आरशासमोर उभा राहिलो आणि सवयीने दोन्ही हात वर करून हवेतच उजवीकडची झांज वाजवली. बगलेत कचकन आवळलं.

"हाथ इतना ऊपर कायको जाता है, साईं? नाचना है क्या?"

"ड्रम बजाना है."

"बेटी की शादी में? खुद बाप?" सुंदरभाई इतके खूश झाले की त्यांनी आतून टेलर मास्तरांना हाक मारली. "मास्टर, भाईसाब की बगल ढीली करो!"

"नाही!" सई जवळजवळ ओरडलीच. "अंकल, बिलकुल ढीली मत करो. टाइट ही रहने दो."

हळदीला मी साधा कुर्ता घालणार आहे, शेरवानी लग्नातली आहे, हे मी परोपरीने सांगितलं. पण सईचा लग्नातही माझ्यावर विश्वास नव्हता. सुंदरभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि निवाडा दिला.

"देखो, बेटी सही बोलती है. बाप का हाथ आँख तक जाना चाहिए, बस. बिदाई में उतनाच लगता है."

मास्तरांनी तेवढंच माप घेतलं. मी हसलो. मेधा हसली नाही, काउंटरवरच्या ओढण्या बघायला लागली.

नंतर त्यांनी सांगितलेल्या गाडीवर आम्ही दाल पकवान खाल्लं. कडक तळलेली मैद्याची पुरी, वर चण्याची डाळ, कांदा आणि चिंचेचं पाणी. नाशिकच्या माणसाने मिसळीशी बेइमानी करू नये हे मला समजतं. तरीही मी दुसरी प्लेट मागवली, आणि हे आमच्या कॉलेज रोडवर कुणाला कळू नये अशी माझी इच्छा आहे. पकवान मोडताना आवाज मात्र झकास येतो.

अंबरनाथ

मेधा आणि सई पुढे बदलापुरातल्या बेलवलीला गेल्या. तिथल्या हॉलमध्ये आमच्या बाजूची मंडळी उतरणार होती. मी दोन मुक्काम अंबरनाथला विजयकडे केले. विजय आमच्या बँडचा पहिला गिटारवाला. नोकरीसाठी इकडे आला आणि इकडचाच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला शिवमंदिर दाखवलं. काळ्या दगडाचं, इंचन् इंच कोरलेलं देऊळ. शेजारून वालधुनी नदी वाहते. तिच्याकडे पाहू नये आणि नाकाने श्वास घेऊ नये, असा सल्ला विजयने दिला. भिंतीवरची एकेक मूर्ती बघत आम्ही देवळाला फेरी मारली आणि एका कोपऱ्याशी मी थबकलो. दगडात कोरलेल्या वादकाच्या गळ्यात ढोलासारखं काहीतरी होतं.

"बघ," मी म्हणालो, "ड्रमरला इथेसुद्धा जागा आहे."

"कोपऱ्यात आहे," विजय म्हणाला. "मध्ये कोण आहे ते पण बघ."

दुपारी त्याच्या घरी आम्ही मोठ्या स्पीकरवर जुनी रॉकची गाणी लावून बसलो. विषय नेहमीचाच, सगळ्यात भारी ड्रमिंग कुठल्या गाण्यात आहे. माझी आवडती गाणी ठरलेली आहेत. एकात ड्रमर सात मात्रांत वाजवतो, आपल्या रूपक तालासारखं, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुसऱ्यात दोन्ही पायांनी असा काही गडगडाट करतो की शेजारी पोलिसांना बोलावतील. विजयने दोन्ही गाणी अर्ध्यात बंद केली.

"अरे यार, ही सर्कस झाली. आता हे ऐक."

त्याने एक संथ गाणं लावलं. त्यात ड्रमर अर्ध्या गाण्यापर्यंत काहीच वाजवत नाही. नुसता बसून राहतो. गाणारा गातो, गिटार वाजते, आणि आपल्याला वाटतं की आता येईल, आता येईल. मग तो येतो, आणि येतो तोही एका साध्या ठेक्याने, जरासा मागे रेलून, केसभर उशिरा. माझ्या हातावर काटा आला. मला ते विजयला सांगायचं नव्हतं, पण हात त्याच्याच बाजूला होता.

"आणि मधल्या हलक्या टपल्या ऐक," तो म्हणाला. "ऐकू येतात न येतात अशा. त्या काढल्या ना, तर गाणं भाताशिवाय आमटी. तो स्वतःला ऐकवतच नाहीये भाई, तो गाणाऱ्याला उचलतोय."

"म्हणजे मी उचलत नाही?"

"तू डोळे मिटतोस."

"रंगून जातो म्हणून मिटतो!"

"तू रंगतोस, आम्ही रस्ता चुकतो. किती वेळा तुला सांगायचं होतं की गाणं संपलंय. सगळे तुझ्याकडे बघतायत आणि तू आपला आत एकटाच. भारी ड्रमर मान वर करून बघतो. कोण दमलंय, कोण पुढे पळतंय, कोणाला आता सुरू करायचंय. हातांची करामत सगळ्यांनाच जमते, हळूहळू."

मला राग आला. एका गॅरेजात वाजवत होतो तेव्हा बोलला नाहीस आणि हे आत्ता सांगतोस, असं मी म्हणालो. तो म्हणाला, तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. मग त्याच्या बायकोने सुरमई तळून आणली आणि वाद मिटला. मिटला म्हणजे मी खात बसलो.

खरवई

खरवईत एका बाजूला नवे टॉवर उभे राहतायत आणि त्यांच्या सावलीत अजून भाताची खाचरं आणि कौलारू घरं आहेत. कुणालचं घर दोन्हींच्या मधलं, तीन मजली आणि दारात तुळस. अंगणात मोठा मांडव. आम्ही लांबचे, म्हणून दोन्ही हळदी एकाच मांडवात करायचं ठरलं होतं. आमच्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णी, वाटीभर हळद आणि वेळेवर जेवण. इथे दुपार कलायच्या आतच सगळं गाव मांडवात होतं.

"आयलाव का व्याही? आधी जेवा!" कुणालची आई म्हणाली. मटण, वडे आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडचं काळ्या मसाल्याचं मटण मला प्यारं आहे, पण विहिणीसमोर मी तोंडातून शब्द काढला नाही. काढायला जागाही नव्हती.

मग मी मांडवाच्या दाराशी असलेल्या बेंजो पार्टीकडे गेलो. सगळे वादक उभे. ताशे आणि ड्रम स्टँडवर, कमरेइतके.

"स्टूल कुठे आहे?" मी विचारलं.

बाळारामकाका माझ्याकडे बघतच राहिले. "बसून वाजवनार? हलदीला? तुमचं गुडगं दुकतंन का?"

मी उभा राहिलो. पहिल्याच गाण्याला मी सवयीने काठीवर काठी आपटून चार मोजले. पार्टीतले सगळे एकमेकांकडे बघून हसले, कारण त्यांच्यात काका नुसती भुवई उडवतात आणि सगळे सुरू होतात. पण काकांना ते फार आवडलं. "ये भारी हाय! नाशिकचं एक-दोन-तीन-चार!" असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं की आता प्रत्येक गाणं व्याह्यांच्या चारवरच निघेल.

ठेका अवघड नव्हता, पण लबाड होता. सहा मात्रांचा, डुलणारा, आणि एकदा धरला की कुणी सोडत नाही. बायका फेर धरून नाचू लागल्या. सई मधोमध होती, गालांवर हळद, आणि नव्या घरच्या बायकांची पावलं बघून बघून आपली पावलं टाकत होती. मला भरून आलं. भरून आलं की माझे डोळे मिटतात, आणि डोळे मिटले की हात मोकळे सुटतात. मी एक छोटीशी फिरकी मारली, या ड्रमवरून त्या ड्रमवर गडगडत जाणारी. ती सोलो नव्हे, हे मी शपथेवर सांगू शकतो. फार तर तिची धाकटी बहीण.

बेंजोवाल्याने तिथेच गाणं बदललं. मला वाटलं योगायोग असेल. थोड्या वेळाने मी दुसरी फिरकी मारली, पुन्हा गाणं बदललं. तिसऱ्या फिरकीला नाचणाऱ्या बायका चक्क थांबल्या.

"ओ व्याही!" कुणालची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माजं गानं आत्ता कुटं चालू झालंन. तुमाना घाई हाय का लगीन उरकायची?"

तेव्हा काकांनी माझ्या कानात सांगितलं. हळदीत तशी गडगड वाजवली की तिचा अर्थ एकच, हे गाणं संपवा, पुढचं घ्या. गाणी ठरलेली असतात, हे मावशीचं, हे करवलीचं, हे आत्याचं. मी आपल्या हौसेपायी अर्ध्या भावकीची गाणी एकेका कडव्यात गुंडाळली होती. मांडव खदाखदा हसत होता. सईने कपाळाला हात लावला होता, आणि हाताची हळद कपाळभर झाली होती.

"आता डोले उघडं ठेवा," काका म्हणाले. "नायतर जेवनाआधी वरात निंगंल."

मी विजयला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि डोळे उघडे ठेवले. आत्याचं गाणं पुन्हा काढलं, चार मोजून, आणि नुसता ठेका धरला. मग मला दिसायला लागलं. आत्याला गुडघा साथ देत नव्हता, तिचं डावं पाऊल थोडं उशिरा पडत होतं, तिथे मी जरा मागे रेललो. करवल्यांना पळायचं होतं, त्यांच्यासाठी पुढे झालो. सईने फेर बरोबर पकडला होता. पाऊल चुकायची भीती तिच्या चेहऱ्यावरून गेली होती आणि ती कुणालच्या चुलत बहिणीला काहीतरी सांगून हसत होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ड्रमरसाठी याहून मोठी शाबासकी नसते, पण बापाला ती पचायला वेळ लागतो.

तेवढ्यात मला जनाबाई उठताना दिसल्या. या घरच्या धवलारीण, म्हणजे लग्नातले विधी गाऊन लावणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्या धवला गायला उभ्या राहिल्या की वाद्यं थांबतात, हे मला काकांनी आधीच बजावलं होतं. अख्ख्या पार्टीत माझं एकट्याचं लक्ष होतं. मी दोन्ही काठ्या वर करून सगळ्यांना थांबवलं. मांडव चिडीचूप झाला. मी अभिमानाने सईकडे बघितलं.

जनाबाईंनी चारी बाजूंना पाहिलं. "कंला थांबलाव?" त्या म्हणाल्या. "मी पानी पियाला उठली."

हशा ओसरायला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. पण त्यांनी पाणी पिऊन, पदर सावरून, "आता गप हाव तं गाते" म्हणून सूर लावला. त्या सुराला ठेका नव्हता. आई हळद लावते, बाप दाराशी उभा राहतो, असं काहीसं त्या लांबवून लांबवून गात होत्या. सगळे शब्द मला कळले नाहीत. काठ्या बगलेत धरून मी दाराशीच उभा होतो.

बेलवली

दुसऱ्या दिवशी बेलवलीच्या हॉलमध्ये लग्न लागलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि पाठवणीची वेळ आली. बेलवली ते खरवई म्हणजे रुळांच्या या बाजूकडून त्या बाजूकडे, रिक्षावाला गप्पिष्ट नसेल तर पटकन पोचतो. एवढ्याशा अंतरासाठी काय रडायचं, असं मी सकाळपासून सगळ्यांना सांगत होतो. मेधाने मला सांगितलं की तू सगळ्यांना सांगू नकोस.

फुलांनी सजवलेली गाडी दाराशी उभी होती. पुढे बाळारामकाकांची पार्टी वाद्यं गळ्यात अडकवून तयार. कुणाल आत बसला. सईने मेधाला मिठी मारली, मला मिठी मारली, गाडीच्या दाराशी गेली आणि तिथेच थांबली. एक पाय आत, एक पाय बाहेर. कुणी म्हणालं बस बाळा, कुणी म्हणालं मुहूर्त जातोय. ती हलेना. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आधी डोळ्यांकडे नाही, हातांकडे.

कॉलेजात गेल्यापासून तिने ते मागितलं नव्हतं.

माझ्याकडे काठ्या नव्हत्या. शेरवानीत हात वर जात नव्हता. मी गाडीजवळ गेलो आणि उघड्या दाराच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी चार वेळा वाजवलं.

टक. टक. टक. टक.

सई आत बसली. मी दार लावलं. खिडकीशी वाकून तिला काहीतरी सांगायचं होतं. काय सांगायचं ते मी नाशिकपासून ठरवून आलो होतो. पण नाशिकचं एक-दोन-तीन-चार ऐकल्यावर काय करायचं, हे बाळारामकाकांच्या पार्टीला आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं. चौथ्या टकटकीलाच बेंजो, ढोल, ताशे, सगळं एकदम सुरू झालं होतं. सुरुवात इतकी नेमकी होती की आमच्या गॅरेजात तशी कधी साधली नाही. पार्टी पुढे निघाली, पार्टीमागे गाडी निघाली, आणि मी वाकलेलाच राहिलो.

"अरे, थांबव त्यांना!" मेधा म्हणाली. "तिची पर्स माझ्याकडेच राहिली."

"आता नाही थांबत," मी म्हणालो. "चार दिल्यावर गाणं थांबवता येत नाही."

वळणावर सईने काचेबाहेर हात काढला. मला जोरात हात हलवायचा होता. बगलेत आवळलं, हात निम्म्यात अडला, आणि सुंदरभाईंनी बेतला होता तिथपर्यंतच पोचला.